फंक्शनला ऑब्जेक्ट पास करताना प्रत्यक्षात काय जाते?

पदविकेच्या किंवा अभियांत्रिकीच्या वर्गात सी प्लस प्लस शिकताना ‘ऑब्जेक्ट हा फंक्शनचा पॅरामीटर’ हा विषय बहुधा एकाच प्रोग्रॅमवर आटोपला जातो. तास आणि मिनिटे असलेला एक क्लास, म्हणजे साचा, असतो, त्या साच्यातून घडवलेले दोन ऑब्जेक्ट फंक्शनला कंसात, म्हणजे पॅरामीटर म्हणून, दिले जातात, त्यांची बेरीज तिसऱ्यात येते आणि उत्तर बरोबर छापले जाते. उत्तर बरोबर आले की फंक्शनच्या कंसात नेमके काय गेले हा प्रश्न कोणी विचारत नाही. प्रत गेली, मूळ ऑब्जेक्ट गेला की त्याचा पत्ता गेला, यावर पुढच्या साऱ्या गोष्टी अवलंबून असतात, आणि ते ठरवणारे एखादे चिन्ह किंवा एखादा शब्द पॅरामीटरच्या घोषणेत लिहिलेला असतो. ती घोषणा काळजीपूर्वक लिहायला आणि वाचायला शिकणे हा या लेखाचा हेतू आहे. म्हणून तोच परिचित प्रोग्रॅम घेऊन आपण पायरीपायरीने पुढे जाऊ.

एक सूचना आधीच करतो. इथे कोडच्या ओळी वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये भाषेचे आरक्षित शब्द रोमन अक्षरांत आणि अंक इंग्रजी पद्धतीने टंकावे लागतात. क्लासची व चलांची नावे आपल्या सोयीने ठेवावीत.

पहिली पायरी: क्लास लिहा आणि कोण कोणाला बोलावते ते ओळखा

क्लास वेळ {
  इंट तास, मिनिटे;
पब्लिक:
  वेळ(इंट त, इंट म);
  व्हॉइड दाखवा();
  व्हॉइड बेरीज(वेळ अ, वेळ ब);
};

बेरीज फंक्शनचे अंग असे आहे:

व्हॉइड वेळ::बेरीज(वेळ अ, वेळ ब) {
  मिनिटे = अ.मिनिटे + ब.मिनिटे;
  तास = मिनिटे / ६०;
  मिनिटे = मिनिटे % ६०;
  तास = तास + अ.तास + ब.तास;
}

मेनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमध्ये, क म्हणजे २ तास ४५ मिनिटे, ख म्हणजे ३ तास ३० मिनिटे आणि ग म्हणजे शून्य वेळ असे तीन ऑब्जेक्ट तयार करून ‘ग.बेरीज(क, ख);’ असा कॉल करा. उत्तर ६ तास १५ मिनिटे येईल.

या कॉलमध्ये दोन ऑब्जेक्ट दिसत असले तरी फंक्शनकडे तीन ऑब्जेक्ट पोहोचतात. टिंबाच्या आधीचा ग हाही एक पॅरामीटरच असतो. तो कंसात लिहिला जात नाही, पण त्याचा पत्ता ‘धिस’ या पॉइंटरमधून, म्हणजे पत्ता साठवणाऱ्या चलातून, आत येतो. म्हणूनच फंक्शनच्या आत नुसते ‘मिनिटे’ लिहिले की ती ग ची मिनिटे असतात आणि ‘अ.मिनिटे’ लिहिले की ती पहिल्या पॅरामीटरची असतात.

इथे विद्यार्थ्यांना हमखास पडणारी एक शंका आहे. तास आणि मिनिटे ‘पब्लिक’च्या आधी लिहिल्यामुळे प्रायव्हेट, म्हणजे बाहेरच्यांना बंद, असताना ग च्या फंक्शनला अ ची मिनिटे कशी वाचता येतात? सी प्लस प्लसमध्ये प्रायव्हेटचे कुंपण ऑब्जेक्टभोवती नसून क्लासभोवती असते. वेळ या क्लासचे कोणतेही सदस्य फंक्शन वेळच्या कोणत्याही ऑब्जेक्टचे प्रायव्हेट भाग वाचू शकते आणि बदलूही शकते. जावामध्येही हाच नियम आहे. बेरीज हे फंक्शन क्लासच्या बाहेर साधे फंक्शन म्हणून लिहिले, तर मात्र कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) त्याला अडवतो आणि त्याला ‘फ्रेंड’, म्हणजे आत पाहण्याची परवानगी असलेले, घोषित करावे लागते.

दुसरी पायरी: प्रत तयार होताना डोळ्यांनी पाहा

वरच्या घोषणेत ‘वेळ अ’ असे साधे लिहिले आहे. याचा अर्थ क ची प्रत तयार होऊन ती अ या नावाने फंक्शनला मिळते. हे पाठ करण्यापेक्षा पडद्यावर पाहणे चांगले. ऑब्जेक्ट घडताना आपोआप चालते ते फंक्शन म्हणजे कन्स्ट्रक्टर, आणि नष्ट होताना चालते ते डिस्ट्रक्टर. क्लासमध्ये कॉपी कन्स्ट्रक्टर, म्हणजे दुसऱ्या ऑब्जेक्टवरून प्रत घडवणारा कन्स्ट्रक्टर, लिहा, त्यात दोन्ही मूल्ये उतरवून घ्या आणि ‘प्रत झाली’ असे छापा. डिस्ट्रक्टरमध्ये ‘ऑब्जेक्ट संपला’ असे छापा. आता प्रोग्रॅम चालवला की एका कॉलसाठी ‘प्रत झाली’ ही ओळ दोनदा उमटेल आणि कॉल आटोपल्यावर त्या दोन प्रती नष्ट झाल्याचेही दिसेल. क ची प्रत आधी होते की ख ची, हे भाषेने ठरवून दिलेले नाही. म्हणून त्या क्रमावर विसंबून काहीही लिहू नये.

प्रयोगशाळेत वारंवार ऐकू येणारी तक्रार इथेच सुटते: ‘कन्स्ट्रक्टर तीनदा चालला, पण डिस्ट्रक्टर पाचदा कसा?’ उरलेले दोन ऑब्जेक्ट कॉपी कन्स्ट्रक्टरमधून जन्माला आले होते. तो आपण लिहिला नाही तर कंपायलर स्वतः पुरवतो आणि तो काहीच छापत नाही, त्यामुळे त्या दोघांचा जन्म दिसत नाही आणि अंत तेवढा दिसतो. एक खबरदारी मात्र घ्यावी. चाचणीसाठी ‘ग.बेरीज(वेळ(२, ४५), ख)’ असा तात्पुरता ऑब्जेक्ट कंसातच तयार करून दिला, तर त्याची प्रत झालेली दिसणार नाही. सी प्लस प्लस १७ पासून असा ऑब्जेक्ट थेट पॅरामीटरच्या जागीच घडवला जातो. त्यामुळे हा प्रयोग नाव असलेल्या ऑब्जेक्टवरच करावा.

कॉपी कन्स्ट्रक्टरचा स्वतःचा पॅरामीटर ‘कॉन्स्ट वेळ &’ असाच, म्हणजे प्रत न करता (ही चिन्हे चौथ्या आणि पाचव्या पायरीत पाहू), का लिहावा लागतो, तेही आता समजते. तो प्रतीने घेतला असता, तर ती प्रत करण्यासाठी पुन्हा कॉपी कन्स्ट्रक्टर लागला असता, त्यासाठी आणखी एक, आणि हे कधीच थांबले नसते. कंपायलर अशी घोषणा स्वीकारतच नाही.

तिसरी पायरी: ऑब्जेक्टच्या पोटात पॉइंटर असेल तर थांबा

वेळ क्लासमध्ये दोन पूर्णांकच असल्यामुळे त्याची प्रत निर्धोक असते. प्रवासी नावाचा क्लास घ्या, ज्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये नाव साठवण्यासाठी ‘न्यू’ वापरून मेमरी घेतली आहे आणि डिस्ट्रक्टरमध्ये ती ‘डिलीट’ केली आहे. कॉपी कन्स्ट्रक्टर लिहिलेला नाही. आता ‘व्हॉइड छापा(प्रवासी प)’ असे फंक्शन लिहून त्याला प्रवासी द्या.

कंपायलरने पुरवलेला कॉपी कन्स्ट्रक्टर पॉइंटरमधला पत्ता जसाच्या तसा उतरवतो, नावाची अक्षरे उतरवत नाही. प्रत आणि मूळ दोघेही एकाच मेमरीकडे बोट दाखवतात. छापा फंक्शनमध्ये नाव अगदी बरोबर छापले जाते. फंक्शन संपले की प्रतीचा डिस्ट्रक्टर ती मेमरी मोकळी करतो. मेनमधल्या मूळ प्रवाशाला याची गंधवार्ता नसते. मेन संपताना त्याचाही डिस्ट्रक्टर चालतो आणि तीच मेमरी दुसऱ्यांदा मोकळी करू पाहतो. लिनक्सवर अशा वेळी बहुधा ‘डबल फ्री’ झाल्याचा संदेश येऊन प्रोग्रॅम कोसळतो. फसवी गोष्ट अशी की चूक होते छापा या फंक्शनच्या कंसात आणि प्रोग्रॅम कोसळतो मेनच्या शेवटच्या महिरपी कंसाशी. त्यामुळे शोधणारा माणूस तासन्‌तास चुकीच्या ठिकाणी शोधत राहतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला उपाय म्हणजे कॉपी कन्स्ट्रक्टरमध्ये नवी मेमरी घेऊन अक्षरे उतरवावीत. मात्र ज्या क्लासला स्वतःचा डिस्ट्रक्टर लिहावा लागतो, त्याला कॉपी कन्स्ट्रक्टर आणि असाइनमेंट ऑपरेटर (एक ऑब्जेक्ट ‘=’ ने दुसऱ्यात उतरवणारा) हेही दोन्ही लिहावे लागतात. याला ‘तिघांचा नियम’ म्हणतात. दुसरा आणि माझ्या मते बहुतेक वेळा योग्य उपाय म्हणजे कच्चा पॉइंटर न ठेवता भाषेच्या लायब्ररीतला ‘स्ट्रिंग’ वापरावा. तो स्वतःची प्रत नीट करतो आणि मग या तिघांपैकी काहीच लिहावे लागत नाही. तिसरा उपाय शोधकामाचा आहे. सी प्लस प्लस ११ पासून कॉपी कन्स्ट्रक्टरच्या घोषणेपुढे ‘= डिलीट’ लिहिता येते. तसे तात्पुरते लिहून प्रोग्रॅम कंपाइल करा. जिथे जिथे नाव असलेल्या ऑब्जेक्टची प्रत होत होती, त्या प्रत्येक ओळीवर कंपायलर चूक दाखवेल. मोठ्या आणि दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये नकळत होणाऱ्या प्रती शोधण्याचा यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

चौथी पायरी: रेफरन्स द्या, आणि लगेच त्याची परीक्षा घ्या

सी भाषेत प्रत्येक पॅरामीटर प्रतीनेच जातो. मूळ चलापर्यंत पोहोचायचे असेल तर त्याचा पत्ता आपण स्वतः द्यावा लागतो. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्समध्ये सीवर आधारित नवी भाषा घडवायला घेतली, तीच पुढे सी प्लस प्लस झाली, आणि ऑपरेटर ओव्हरलोडिंगच्या (अधिकसारख्या चिन्हांना आपल्या ऑब्जेक्टसाठी अर्थ देण्याच्या) गरजेतून तिच्यात रेफरन्स, म्हणजे असलेल्या ऑब्जेक्टचे दुसरे नाव, आले. दोन मोठे ऑब्जेक्ट अधिकच्या चिन्हाने जोडताना त्यांच्या प्रती होऊ नयेत आणि प्रत्येक नावापुढे पत्त्याचे चिन्हही लिहावे लागू नये, अशी ही सोय आहे.

आपल्या घोषणेत एवढाच बदल करा:

व्हॉइड बेरीज(वेळ &अ, वेळ &ब);

आता अ हे क चेच दुसरे नाव झाले. ‘प्रत झाली’ ही ओळ एकदाही उमटणार नाही आणि ‘ग.बेरीज(क, ख)’ चे उत्तर ६ तास १५ मिनिटेच येईल. बहुतेक वर्गांत विषय इथे संपतो. आपण आणखी एक कॉल करू. प्रवासाच्या एकूण वेळेत पुढच्या टप्प्याची वेळ मिळवायची असे समजा, म्हणजे क मध्येच ख मिळवायचा आहे:

क.बेरीज(क, ख);

उत्तर ५ तास १५ मिनिटे येते. एक तास हरवला. तो कुठे गेला ते ओळीओळीने पाहू. पहिल्या ओळीत ४५ आणि ३० मिळून ७५ मिनिटे झाली, आणि ती क च्याच मिनिटांत बसली. दुसऱ्या ओळीत ७५ ला ६० ने भागून तास १ झाले. हे तास क चे आहेत, आणि अ हे क चेच नाव असल्यामुळे अ चे मूळचे २ तास या क्षणी पुसले गेले. तिसऱ्या ओळीत मिनिटे १५ झाली. चौथ्या ओळीत १ अधिक अ.तास अधिक ३ अशी बेरीज झाली, पण अ.तास आता २ नसून १ आहेत. म्हणून एकूण ५.

प्रतीने पास करताना हाच कॉल बरोबर उत्तर देत होता, कारण अ ही स्वतंत्र प्रत होती आणि क मध्ये काहीही लिहिले तरी ती अबाधित राहत होती. फंक्शनच्या अंगातले एक अक्षरही न बदलता, केवळ घोषणेतल्या दोन चिन्हांमुळे, बरोबर प्रोग्रॅम चुकीचा झाला. ‘वेग वाढवण्यासाठी सगळीकडे रेफरन्स लावा’ हा सल्ला म्हणूनच मला अपुरा वाटतो. प्रतीचा रेफरन्स करताना फंक्शनचे अंग पुन्हा वाचून एकच प्रश्न विचारावा: मी ज्यात लिहितो आहे आणि ज्यातून वाचतो आहे, ते दोन्ही एकच निघाले तर काय होईल?

पाचवी पायरी: कॉन्स्ट लावा, आणि त्याची मर्यादा समजून घ्या

बेरीज फंक्शनला अ आणि ब बदलायचे नाहीत, केवळ वाचायचे आहेत. तसे वचन घोषणेतच द्यावे:

व्हॉइड बेरीज(कॉन्स्ट वेळ &अ, कॉन्स्ट वेळ &ब);

याचे तीन परिणाम होतात. फंक्शनच्या आत चुकून ‘अ.तास = ०’ असे लिहिले तर कंपायलर अडवतो. कॉल करणाऱ्याला फंक्शनचे अंग न वाचताच कळते की अ या नावाने आपल्या ऑब्जेक्टला हात लागणार नाही. शिवाय ‘वेळ(०, २०)’ सारखा तात्पुरता ऑब्जेक्ट कंसात देता येतो. कॉन्स्ट नसलेला रेफरन्स तसा ऑब्जेक्ट स्वीकारत नाही.

पहिल्यांदाच कॉन्स्ट लावणाऱ्याला बहुधा एक अनपेक्षित चूक दिसते. फंक्शनच्या आत ‘अ.दाखवा()’ असा कॉल असेल तर कंपायलर तो नाकारतो. दाखवा हे फंक्शन ऑब्जेक्ट बदलत नाही हे आपल्याला ठाऊक असते, पण आपण ते लिहून दिलेले नसते. ‘व्हॉइड दाखवा() कॉन्स्ट;’ अशी दुरुस्ती घोषणेत आणि अंगाच्या ठिकाणी दोन्हीकडे करावी. इथे कंटाळून पॅरामीटरवरचा कॉन्स्टच काढून टाकणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. तसे कृपया करू नये.

आता मर्यादा पाहू. कॉन्स्ट लावूनही ‘क.बेरीज(क, ख)’ चे उत्तर ५ तास १५ मिनिटेच येते. कॉन्स्टचा अर्थ ‘हा ऑब्जेक्ट बदलणार नाही’ असा नसून ‘या नावाने बदलणार नाही’ एवढाच आहे. क मध्ये लिखाण धिस या दुसऱ्या वाटेने होत होते, आणि ती वाट मोकळीच आहे. खरा उपाय फंक्शनची रचना बदलण्यात आहे. बेरीज कोणाच्याही पोटात लिहू नये. नवा ऑब्जेक्ट घडवून परत द्यावा:

वेळ बेरीज(कॉन्स्ट वेळ &अ, कॉन्स्ट वेळ &ब) {
  इंट एकूण = अ.मिनिटे + ब.मिनिटे;
  रिटर्न वेळ(अ.तास + ब.तास + एकूण / ६०, एकूण % ६०);
}

हे फंक्शन क्लासमध्ये ‘फ्रेंड’ म्हणून घोषित करावे. आता ‘क = बेरीज(क, ख);’ हे ६ तास १५ मिनिटे देते, कारण क मध्ये काही लिहिले जाण्यापूर्वी सगळे वाचून झालेले असते.

या चर्चेतून प्रत वाईटच, असा समज होऊ नये. स्ट्राउस्ट्रप आणि हर्ब सटर यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या सी प्लस प्लस कोअर गाइडलाइन्स सांगतात की केवळ वाचण्यासाठीचा पॅरामीटर स्वस्तात प्रत होणारा असेल तर प्रतीने घ्यावा, नाहीतर कॉन्स्ट रेफरन्सने घ्यावा. स्वस्त म्हणजे साधारण दोन-तीन वर्डपर्यंत (वर्ड म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तेवढे बिट), अर्थात ६४ बिटांच्या संगणकावर १६ ते २४ बाइट. आपला वेळ क्लास नेहमीच्या संगणकावर ८ बाइटचा, म्हणजे एका पत्त्याएवढाच आहे. त्यामुळे तो प्रतीने पास करणे पूर्णपणे रास्त आहे.

सहावी पायरी: पॉइंटर केव्हा घ्यावा

ऑब्जेक्ट असेल किंवा नसेलही, अशी खरोखरच शक्यता असेल तेव्हा पॅरामीटर पॉइंटर ठेवावा आणि फंक्शनच्या पहिल्याच ओळीत तो ‘नलपॉइंटर’, म्हणजे कोणाकडेही बोट न दाखवणारा, आहे का ते तपासावे. रेफरन्सला मात्र ऑब्जेक्ट असावाच लागतो. ऑब्जेक्टची मालकीच फंक्शनकडे सोपवायची असेल तर कच्चा पॉइंटर न देता ‘युनिक पॉइंटर’ (एकच मालक असलेला आणि शेवटी मेमरी स्वतः मोकळी करणारा) पॅरामीटर साधा, रेफरन्स न लावता, घ्यावा, म्हणजे मेमरी कोणी मोकळी करायची हा प्रश्नच उरत नाही.

सातवी पायरी: वारसा असेल तर प्रत टाळा

एसटीच्या तिकिटाचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात २०२३ पासून महिलांना एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत आहे. तिकीट हा मूळ क्लास, त्यात भाडे हे व्हर्च्युअल फंक्शन (म्हणजे त्यापासून बनलेल्या क्लासला स्वतःच्या पद्धतीने लिहिता येणारे), आणि त्यापासून बनलेला सवलततिकीट हा क्लास, ज्याचे भाडे हे फंक्शन निम्मी रक्कम देते. आता ‘व्हॉइड छापा(तिकीट त)’ असे फंक्शन लिहून त्याला २०० रुपयांच्या प्रवासाचे सवलततिकीट द्या. ते १०० न छापता २०० छापते.

इथे व्हर्च्युअलचा दोष नाही. त हा ऑब्जेक्ट तिकीट याच प्रकारचा आहे. त्याच्या जागेत सवलततिकिटाचा तिकिटापुरता भाग उतरवला गेला आणि उरलेला कापला गेला. याला ‘ऑब्जेक्ट स्लायसिंग’ म्हणतात. यावर कंपायलर सहसा चकार शब्द काढत नाही. ‘कॉन्स्ट तिकीट &त’ लिहिले की १०० छापले जातात, कारण मूळ ऑब्जेक्टच आत पोहोचतो आणि स्वतःचे भाडे सांगतो; त्यासाठी भाडे हे फंक्शनही कॉन्स्ट असावे लागते. मूळ क्लासचे निदान एक फंक्शन शुद्ध व्हर्च्युअल, म्हणजे लिहिण्याचे काम त्यापासून बनलेल्या क्लासवर सोपवलेले, ठेवले, तर त्या क्लासचा ऑब्जेक्ट घडवताच येत नाही आणि ‘तिकीट त’ असा पॅरामीटर कंपायलरच नाकारतो. जिथे जमेल तिथे हा बंदोबस्त करून ठेवावा.

आठवी पायरी: जावा आणि पायथनकडे जाताना

सी प्लस प्लसची सवय झालेला विद्यार्थी जावामध्ये पत्त्याचे चिन्ह शोधतो, आणि ते तिथे नसते. जावामधल्या ऑब्जेक्टच्या चलात ऑब्जेक्ट नसतो, त्याचा रेफरन्स असतो, आणि कॉल करताना त्या रेफरन्सची प्रत जाते. याचे दोन परिणाम लक्षात ठेवावेत. फंक्शनच्या आत ‘अ.तास = ९’ केले तर मूळ ऑब्जेक्ट बदलतो. पण ‘अ = न्यू वेळ(९, ०)’ केले तर आतले नाव तेवढे दुसरीकडे वळते आणि बाहेर काहीही बदलत नाही. म्हणूनच दोन ऑब्जेक्टची अदलाबदल करणारे साधे फंक्शन जावामध्ये लिहिता येत नाही. पॅरामीटरला ‘फायनल’ लावले तरी नाव दुसरीकडे वळवण्यावर तेवढी बंदी येते. ऑब्जेक्टच्या आतले बदलता येतेच. तो सी प्लस प्लसचा कॉन्स्ट नव्हे.

पायथनची रीतही अशीच आहे. या पद्धतीला ‘कॉल बाय शेअरिंग’ हे नाव बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात सीएलयू या भाषेच्या संदर्भात दिले. पायथनमध्ये आणखी एक खाच आहे. पॅरामीटरचे ठरावीक मूल्य म्हणून रिकामी यादी लिहिली, तर ती यादी फंक्शनची व्याख्या वाचली जाताना एकदाच तयार होते आणि पुढच्या प्रत्येक कॉलला तीच मिळते. पहिल्या प्रवाशाचे नाव त्यामुळे दुसऱ्याच्या यादीत दिसते. ठरावीक मूल्य ‘नन’ ठेवावे आणि नवी यादी फंक्शनच्या आत घडवावी.

या भाषांमध्ये घोषणा पाहून फंक्शन ऑब्जेक्टला हात लावणार की नाही हे कळत नाही, म्हणून राखण आपल्यालाच करावी लागते. कन्स्ट्रक्टरला मिळालेली यादी ऑब्जेक्टमध्ये जशीच्या तशी साठवली, तर देणारा नंतर बाहेरून तीत भर घालू शकतो. जावामध्ये आवृत्ती १० पासून ‘लिस्ट.कॉपीऑफ’ ही न बदलणारी प्रत देते, आणि पायथनमध्ये मिळालेल्या यादीवर ‘लिस्ट’ हे फंक्शन चालवून नवी यादी घेता येते. मात्र या दोन्ही प्रती वरच्या थरापुरत्याच असतात. यादी नवी होते, पण तिच्यातले ऑब्जेक्ट तेच राहतात. तेही बदलण्याजोगे असतील, तर प्रत्येकाची प्रत वेगळी करावी लागते, अथवा तो क्लासच न बदलणारा असा लिहावा लागतो.